लिहून देणार, लिहून घेणार

कोथरूडच्या त्या फ्लॅटमधलं मला पहिल्यांदा काय आवडलं असेल, तर स्वयंपाकघराची खिडकी. बाहेर बघण्यासारखं काही नाही. शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि तिच्यावरची कबुतरं. पण सकाळी साडेसातच्या सुमाराला ऊन त्या टाकीवर आपटून आत येतं आणि ओट्याच्या कडप्प्यावर हातभर पट्टा पडतो. मी वकीलबाईंना हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "बरं. मूळ मालक वारले कधी?"

मग पुढचे प्रश्न. मृत्यूचा दाखला आहे का? मृत्युपत्र केलं होतं का? वारस किती? मुलगे किती, मुली किती? मुलगे आणि मुली त्या वेगवेगळे विचारतात. 'मुलं किती' असं विचारलं की लोक मुलगे मोजून मोकळे होतात, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा अनुभव. 'दोन' म्हणून सांगतात आणि इसार देऊन झाल्यावर कुठली तरी ताई निघते.

आमच्यात सांगलीची निघाली.

एक लाखाचा इसार देऊन झाला होता. विकणारे गृहस्थ सज्जन, निवृत्त, पासष्टीचे; आम्ही त्यांना दोन भेटींतच काका म्हणायला लागलो होतो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वडिलांनी सोसायटीत नॉमिनेशन माझं केलं होतं, ते २०१४ साली गेले, सोसायटीने शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर केलं, मेंटेनन्स मी भरतो, तेव्हा घर माझं. यात लबाडी काहीच नव्हती. आपल्याकडे निम्म्या सोसायट्यांत लोक हेच धरून चालतात. वकीलबाईंनी त्यांना समजावलं, की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा, एवढ्यापुरतं ते नाव. मालकी जाते ती वारसांकडे, नाहीतर मृत्युपत्रात लिहिलं असेल तशी. सहकार कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं, त्यात तर नॉमिनीला सरळ 'तात्पुरता सभासद' म्हटलंय. काकांना 'तात्पुरता' हा शब्द लागला. आठ वर्षं सोसायटीच्या सभेत पहिल्या रांगेत बसणारा माणूस.

वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नाही, आई आधीच गेलेली. म्हणजे दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघांचा सारखा हिस्सा. नाशिकचा धाकटा भाऊ फोनवरच तयार झाला. राहिल्या ताई. एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघतं? त्यांचं लग्न होऊन पस्तीस-चाळीस वर्षं झाली, त्यांना काय घेणंदेणं?"

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. माझ्याबद्दलच.

माझं माहेर वाईचं, गंगापुरीतलं. माळवदाचं जुनं घर, मागे आड, आडाजवळ कढीलिंब. बाबा २००६ मध्ये गेले. पुढच्या वर्षी दादाचा फोन आला, की घर नावावर करून घ्यायचंय, तुम्हा दोघींच्या सह्या लागतील, एक दिवस या. आम्ही गेलो. मोठ्या ताईने आणि मी दुय्यम निबंधक कार्यालयात बाकावर बसून एकेका पानावर सही केली, अंगठे उठवले, मग घरी येऊन वहिनीच्या हातची पुरणपोळी खाल्ली. निघताना दोघींना इरकली मिळाली. माझी जांभळी, ताईची हिरवी. हक्कसोडपत्र वाचलं नाही. वाचायचं असतं हेच डोक्यात नव्हतं. माहेरच्या कागदावर सही करताना वाचायला लागलं, तर ते माहेर कसलं?

तेव्हाच्या वकिलांनी आम्हाला हसत हसत सांगितलं होतं, "कायदा नुकताच बदललाय, आता मुलींच्या सह्यांशिवाय हलता येत नाही." ९ सप्टेंबर २००५ ची हिंदू उत्तराधिकार कायद्यातली ती दुरुस्ती, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क देणारी. महाराष्ट्राने तर हे २२ जून १९९४ लाच केलं होतं, फक्त त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ताईचं लग्न १९९२ चं, माझं १९९७ चं. म्हणजे अकरा वर्षं एका आईच्या दोन मुलींपैकी एकीला हक्क होता आणि दुसरीला नव्हता, आणि दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता. मग केंद्राचा कायदा आला, दोघी सारख्या झाल्या आणि दोन वर्षांत दोघींनी सारखीच सही करून दिली.

दादाबद्दल माझं काही म्हणणं नाही, हे इथेच लिहून ठेवते. आईचं सगळं त्याने आणि वहिनीने केलं, शेवटची तीन वर्षं तर अंथरुणातलं. माळवद गळायचं, ते त्याने उतरवून पत्रे घातले. तेव्हा कुणी विचारलं असतं तरी मी सही केली असती. कुणी विचारलं नाही, एवढंच.

तर, वकीलबाईंनी आमच्यापुढे दोन रस्ते ठेवले. एक, तिन्ही भावंडांनी आमच्या करारनाम्यात 'लिहून देणार', म्हणजे विकणारे, म्हणून उभं राहायचं. दोन, ताईंनी आणि धाकट्या भावाने आधी काकांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि मग एकट्या काकांनी आम्हाला विकायचं. कायद्याला दोन्ही चालतं. फरक पैशाच्या वाटेचा. तिघं लिहून देणार झाले असते, तर रकमेचे चेकही तीन निघाले असते. पन्नास लाखांच्या वरच्या व्यवहारात खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, तोही तिघांच्या पॅनवर वेगवेगळा दाखवावा लागला असता. काकांना दुसरा रस्ता सोयीचा वाटला. बँकेलाही एकच विक्रेता सुटसुटीत. मलाही. वकीलबाई माझ्याकडे बघत थांबल्या होत्या, तेव्हा मी म्हणाले, "दुसऱ्याने लवकर होत असेल तर तसंच करू."

त्या काही बोलल्या नाहीत, वहीत टिपून घेतलं.

सांगलीच्या ताई पहाटेच्या गाडीने आल्या. सत्तरीच्या आसपास, बारीक, नऊवारी नव्हे पण नऊवारीसारखी घट्ट नेसलेली पाचवारी. हातात पिशवी, पिशवीत भडंगाची दोन पाकिटं. एक भावाला आणि एक, आश्चर्य म्हणजे, मला. हवेली तालुक्याच्या त्या दुय्यम निबंधक कार्यालयात त्या दिवशी वीज जाऊन-येऊन होती. टोकन घेऊन आम्ही सगळे जिन्यावर उभे. लग्नाच्या हॉलबाहेर दोन्हीकडची माणसं उभी असतात तसे, एकमेकांकडे बघून हसत, बोलायला विषय नसलेले. ताईंनीच विषय काढला.

"स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावू नका हं. आई कधी लावायची नाही."

मी म्हटलं, मलाही ती खिडकीच आवडली.

"माझं लग्न त्याच घरातून झालं. तेव्हा समोर टाकी नव्हती. पर्वतीची टेकडी दिसायची." मग जरा थांबून, "लहानशी दिसायची."

आत गेल्यावर ताईंचा अंगठा यंत्रावर उठेना. आयुष्यभर भांडी घासलेल्या, पीठ मळलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, हे त्या ऑपरेटर मुलाला पाठ होतं. "आजी, अंगठा जरा केसांवरून फिरवा. तेल लागलं की उठतो." त्यांनी फिरवला. तिसऱ्यांदा उठला. मग समोरच्या छोट्या कॅमेऱ्यात बघायला सांगितलं. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "दस्त वाचलाय का? मजकूर मान्य आहे?" ताईंनी भावाकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

"मान्य आहे," ताई म्हणाल्या.

दस्तात मोबदल्याच्या जागी 'विनामोबदला' होतं. बाहेर आल्यावर त्यांना काही मिळालं का, पुढे मिळणार होतं का, हे मी विचारलं नाही. ते विचारणं माझ्या कामाचं नव्हतं. माझ्या कामाची होती ती सही, आणि ती झाली होती. संध्याकाळी घरी आल्यावर भडंगाचं पाकीट मी ओट्यावर ठेवलं. दोन दिवस फोडलं नाही.

आठवड्याने आमचा करारनामा झाला. जुन्या दस्तांची भाषा मला अतिशय आवडते. वकीलबाईंच्या मसुद्यात बरंच काही छापील, कोरडं होतं, पण चेनमधला, म्हणजे या फ्लॅटच्या जुन्या दस्तांच्या साखळीतला, पहिला, १९८३ चा करारनामा बघण्यासारखा आहे. पाच रुपयांच्या मुद्रांकावर टंकलेखन यंत्राने बडवलेला. तेव्हा फ्लॅटच्या करारनाम्याला तेवढा मुद्रांक चालत असे, १० डिसेंबर १९८५ पासून तो जमाना संपला. त्यात चतुःसीमा आहेत, 'पूर्वेस मोकळी जागा, दक्षिणेस जिना'. आणि शेवटी 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह'. तिसऱ्या मजल्यावरच्या साडेसहाशे चौरस फुटांसह! कुणा बॉण्डरायटरने शेतजमिनीच्या खरेदीखतावरून उतरवून काढलं असणार. मला ते इतकं आवडलं, की वर्षभर मी बाल्कनीतल्या तुळशीला 'तरू' आणि माळ्यावरच्या रद्दीला 'निधी' म्हणत होते.

घर माझ्या एकटीच्या नावावर झालं. त्यामागे फार मोठा विचार नव्हता, ८२ हजार रुपये होते. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून निवासी घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवरा जोडीला आला की सवलत गेली. आम्ही घेतलं तेव्हा, २०२२ च्या एप्रिलमध्ये, पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून शुल्क सात टक्के झालं होतं. माझ्या नावावर सहा. ८२ लाखांवर ४ लाख ९२ हजार, आणि नोंदणी फी तीस हजार, कारण त्या फीला तिथे कमाल मर्यादा आहे. सवलतीला तेव्हा एक गंमतशीर अट होती. पंधरा वर्षं हे घर पुरुषाला विकायचं नाही. २०२३ मध्ये ती काढून टाकली. पण वर्षभर मी नवऱ्याला ऐकवत असे, "तू विकत मागितलंस तरी द्यायची नाही, सरकारची मनाई आहे." नवरा कर्जाला सहअर्जदार होता, तेव्हा हप्त्याची मनाई मात्र कुणी केलेली नव्हती.

म्हणजे वाईच्या घरातून ज्या बाईचं नाव दोनशे रुपयांच्या साडीसारखं अलगद निघालं, तिचं नाव पुण्याच्या घरावर एक टक्का वाचवायला लागलं. (साडी दोनशेची नव्हती. चांगली इरकली होती. अजून नेसते.)

सोसायटीची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण जुना फ्लॅट घेणाऱ्यांतले फार थोडे ती विचारतात. इमारत आपली, फ्लॅट आपला, पण खालची जमीन कुणाची? आमच्या इमारतीच्या मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव होतं. १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याखाली बिल्डरने सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत जमिनीचं अभिहस्तांतरण करून, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून, द्यायला हवं होतं. ते त्याने दिलं नाही, पुढे तो राहिला नाही, त्याची मुलं फोन उचलत नाहीत. अशांसाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून एकतर्फी आदेश मिळवता येतो. त्याचं नाव 'मानीव अभिहस्तांतरण'. आमच्या सोसायटीत हा शब्द एकालाही नीट म्हणता येत नाही. सेक्रेटरी 'ते डीम्डचं' म्हणतात, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी 'ते अभिषेकाचं'. पण पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि विकसकाने पहिला प्रश्न तोच विचारला, तेव्हा सगळ्यांनी वर्गणी काढली. आदेश यायचाय.

कर्जाचं रडगाणं थोडक्यात. ५५ लाख, वीस वर्षं, तरता व्याजदर ६.८ टक्के, हप्ता बेचाळीस हजारांच्या आसपास. पहिला हप्ता जायच्या आत, ४ मे २०२२ ला, रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने देते तो, वाढवला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो चारावरून साडेसहावर गेला. आमचा दर ९.३. हिशेब केला तेव्हा दिसलं, की आता नुसतं व्याजच महिन्याला बेचाळीस हजार होतंय. जुना हप्ता ठेवला असता तर मुदलाला हातच लागला नसता. हप्ता वाढवला. पुढच्या वर्षी दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचं ठरवलं.

तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेड केल्याचा दंड बँकेला लावता येत नाही, ही चांगली गोष्ट. नव्या बँकेकडे गहाण ठेवायचं म्हणजे पुन्हा मुद्रांक, पुन्हा नोंदणी, प्रक्रिया शुल्क, त्यांच्या वकिलाची फी. वाचणाऱ्या व्याजातून हे वजा केल्याशिवाय शेजाऱ्याला 'हलव रे' असं सांगू नये. आणि कागद. नवी बँक जुनीचे पैसे फेडते, पण मूळ कागद लगेच येत नाहीत. १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे, की कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत बँकेने कागद परत द्यायचे, नाहीतर बँकेच्या चुकीने झालेल्या उशिरासाठी दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. आमच्या बँकेने सतरा दिवस घेतले. तेवढे सतरा दिवस मला झोप लागली नाही. घर जागच्या जागी, आपण त्यातच झोपलेलो, आणि घराचे कागद कुठल्या तरी गोदामातून कुठल्या तरी गाडीने येतायत.

अखेर बोलावणं आलं. काउंटरवरची मुलगी यादीतलं एकेक नाव मोठ्याने वाचत टिक करत होती. करारनामा १९८३, मूळ. नोंदणी पावती, मूळ. शेअर सर्टिफिकेट, मूळ. "हक्कसोडपत्र, मूळ. पानं मोजून घ्या मॅडम."

मी मोजायला लागले. मधल्या एका पानावर ताई होत्या. कॅमेऱ्याने खालून टिपलेला चेहरा, एक डोळा अर्धा मिटलेला, खाली अंगठ्याचा ठसा, तिसऱ्यांदा उठलेला. त्याच पानावर वर टंकलं होतं, 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय'. मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

त्या मे महिन्यात वाईला गेले तेव्हा मी आमच्या हक्कसोडपत्राची नक्कल काढली. दादाला सांगून काढली. तो म्हणाला, "कशाला? काही हवंय का?" म्हटलं, वाचायचंय फक्त. तो जरा गप्प राहिला आणि स्कूटरवरून मला कार्यालयात सोडून आला. सहा पानं. तिसऱ्या पानावर मी आणि ताईने लिहून दिलंय, की 'आमच्या विवाहप्रसंगी वडिलांनी यथायोग्य खर्च केलेला असून आम्ही आमच्या घरी सुखात नांदत आहोत, सबब सदर मिळकतीत आम्हास हिस्सा नको'. माझं लग्न नोंदणी पद्धतीने झालं होतं. जेवण सासरच्यांनी दिलं. बाबांनी बसचं भाडं दिलं, आग्रह करून. बॉण्डरायटरला हे माहीत असायचं कारण नव्हतं. हा मजकूर त्याच्याकडे तयारच असणार, 'निधी-निक्षेपा'सारखा.

रात्री अंगणात बसून मी दादाला तेवढं एकच वाक्य वाचून दाखवलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "मीपण वाचलं नव्हतं गं."

पुण्याला आल्यावर वकीलबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, तुमचं मृत्युपत्र झालंय का? नाही म्हटल्यावर त्यांनी हिंदू उत्तराधिकार कायद्याचं पंधरावं कलम समजावलं. बाई मृत्युपत्र न करता गेली, तर नवरा आणि मुलं सारखे वाटेकरी. ते कुणीच नसतील, तर तिने स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आईवडिलांचा नंबर त्याच्याही नंतर. मला मुलगा आहे, मुलगी आहे, नवराही आहे, पण हे ऐकून मी तिथेच लिहायला बसले. मुलाला अर्धं, मुलीला अर्धं, नवऱ्याला हयातभर राहायचा हक्क. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीची सक्ती नाही. लागतात दोन साक्षीदार, समोर सही बघणारे, आणि शक्यतो ज्यांना त्यात काही मिळणार नाही असे. सोसायटीचा नॉमिनेशनचा अर्जही तीन प्रतींत भरला, दोघांची नावं घालून. तात्पुरते का होईनात, दोघं.

साक्षीला शेजारचे जोशीकाका आणि काकू आले. सकाळचे पावणेआठ, काकूंनी ओट्यावरच्या उन्हात कागद ठेवला. काकांनी खिशातून पेन काढलं आणि चष्मा शोधायला लागले.

"वाचायची गरज नसते, काका," मी म्हटलं. "मी सही करतेय तेवढं बघायचं."

"मग बरं," काका म्हणाले, "सही कुठे करू?"